फिरत्या यंत्रांच्या स्थिती-निरीक्षणाची पार्श्वभूमी

मोटर, पंप, पंखा किंवा कॉम्प्रेसर यांवर कंपनाची देखरेख बसवायचे ठरले की कारखान्यातली चर्चा बहुधा सेन्सर किती लागतील आणि कोणत्या बनावटीचे, इथेच अडकते. या तंत्राचा इतिहास पाहिला तर मूळ प्रश्न वेगळा दिसतो: हे यंत्र ठणठणीत असताना कसे चालत होते, हे कोणाला ठाऊक आहे आणि ते कुठे लिहून ठेवले आहे?

मुंबईत हे ज्ञान दीर्घकाळ माणसाच्या कानात आणि तळहातात राहिले. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली, तेव्हा वाफेच्या इंजिनावरून लाइन शाफ्ट (लांब फिरता दांडा) आणि शाफ्टवरून पट्ट्यांनी सारी यंत्रे फिरत. १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत शहरात पोहोचली, पुढे एकेका यंत्राला स्वतःची मोटर मिळत गेली आणि सांभाळायच्या बेअरिंगांची संख्या वाढली. फिटर स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर (बाहेरच्या कवचावर) टेकवून मूठ कानाला लावत असे. ही पद्धत कमी लेखण्यासारखी नाही, कारण रोज तेच यंत्र ऐकणारा माणूस आजच्या आवाजाची तुलना कालच्या आवाजाशी करत होता. मात्र ऐकलेला आवाज वहीत उतरवण्याची सोय नव्हती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा तो अनुभव माणसांबरोबरच विखुरला.

आवाजाऐवजी आकडा आणण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९३९ चा आहे. विमा कंपनीसाठी यंत्रे तपासणारे अमेरिकन अभियंता टी. सी. रॅथबोन यांनी कंपनाचा आवाका (हालचाल किती मोठी) आणि वारंवारता (ती सेकंदाला किती वेळा) यांवरून यंत्र कितपत सुरक्षित आहे, हे ठरवणारा आलेख प्रसिद्ध केला. जर्मन अभियंता संघटनेचे १९६४ चे व्हीडीआय २०५६ आणि त्यावरून आलेले आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे १९७४ चे आयएसओ २३७२ ही मानके याच वाटेवरची आहेत. आयएसओ २३७२ मध्ये १५ ते ७५ किलोवॉटच्या यंत्रासाठी कंपनवेग सेकंदाला १.१२ मिलिमीटरपर्यंत उत्तम, तर ७.१ च्या वर अस्वीकार्य मानला होता. आज त्यांची जागा आयएसओ २०८१६ मालिका घेत आहे.

दरम्यान, ठरावीक तासांनी यंत्र उघडण्याच्या प्रथेलाच धक्का बसला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांच्या गटाला आढळले की ठरलेल्या तपासणीनंतर लगेच विमानांतील बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. म्हणजे चांगले चाललेले यंत्र उघडण्यातूनच काही दोष शिरत होते. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या अहवालाने विमानांच्या सुमारे ८९ टक्के घटकांत वयाबरोबर झिजण्याचा स्पष्ट टप्पा दिसत नाही, असे दाखवले. विमानाचे आकडे पंपाला जसेच्या तसे लावू नयेत, पण वार्षिक ओव्हरहॉलनंतर पहिल्याच आठवड्यात गरम झालेले बेअरिंग ज्याने पाहिले आहे, त्याला हा निष्कर्ष अनोळखी वाटणार नाही.

खरी उडी १९६५ ची. अमेरिकन गणितज्ञ कूली आणि ट्युकी यांनी फूरिए रूपांतराची (गुंतलेले कंपन वेगवेगळ्या वारंवारतांत विभागणाऱ्या गणिताची) जलद गणनपद्धत मांडली आणि एकाच कंपनातून त्याचे घटक वेगळे काढणे आवाक्यात आले. असंतुलन शाफ्टच्या फेऱ्यांइतक्याच वारंवारतेवर उमटते. अलाइनमेंटचा दोष (जोडलेले शाफ्ट एका रेषेत नसणे) बऱ्याचदा दुपटीवर. ६२०५ क्रमांकाच्या नऊ गोळ्यांच्या बेअरिंगच्या बाहेरील कडीला चीर पडली, तर शाफ्टच्या एका फेरीत सुमारे ३.५८ ठोके बसतात, म्हणजे मिनिटाला १,४५० फेऱ्यांच्या मोटरवर सेकंदाला साधारण ८७. एकूण कंपन मर्यादेत असतानाही ही बारीक रेघ स्पेक्ट्रममध्ये (वारंवारतेनुसार मांडलेल्या कंपनाच्या आलेखात) आधी दिसू शकते. जड टर्बाइन आणि कॉम्प्रेसर यांची गोष्ट निराळी: त्यांच्या तेलाच्या थरावर चालणाऱ्या बेअरिंगांत शाफ्टची हालचाल बाहेरच्या घरावर पुरती उमटत नाही, म्हणून शाफ्टकडेच रोखलेले, स्पर्श न करणारे प्रोब पुढे आले.

या सगळ्याला अर्थ येतो तो आधारनोंदीमुळे: तीच जागा, तीच दिशा, तोच वेग आणि तोच भार ठेवून यंत्र निरोगी असताना घेतलेले मोजमाप. मुंबईत हे सर्वांत अवघड आहे ते २६ जुलै २००५ च्या पुरानंतर ज्यांच्या उभारणीला गती मिळाली त्या हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह यांसारख्या पर्जन्यजल उदंचन केंद्रांत (पावसाचे पाणी पंपाने उपसणाऱ्या केंद्रांत). वर्षातले अनेक महिने थांबलेल्या पंपाच्या बेअरिंगमध्ये गोळे एकाच जागी टेकून राहतात, शेजारच्या यंत्रांच्या हादऱ्यांनी कडीवर खळगे पडू शकतात आणि खारी, दमट हवा ग्रीसपर्यंत पोहोचू शकते. पूर्ण भार मात्र पावसाचे पाणी आल्यावरच मिळतो. म्हणून अशा पंपाची आधारनोंद घ्यायची ती जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरींतच, आणि त्यासाठी मोजमापाच्या जागा मे महिन्यातच रंगाने खुणा करून ठेवाव्या लागतात.