केअर प्लॅन (परिचर्या शिक्षण)

केअर प्लॅन किंवा परिचर्या आराखडा म्हणजे एका विशिष्ट रुग्णाच्या गरजा ओळखून त्यांसाठी परिचारिकेने काय करायचे, ते का करायचे आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवायचे, याची लेखी मांडणी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डच्या पोस्टिंगमध्ये रुग्ण नेमून दिला जातो. काही दिवस त्याची शुश्रूषा करून ते हा आराखडा लिहितात. त्याच रुग्णाचा पूर्वेतिहास, तपासण्या, औषधे आणि आजाराची माहिती जोडून केलेल्या विस्तृत लिखाणाला केस स्टडी म्हणतात. ती ट्यूटर आणि वर्गमित्रांपुढे मांडली की केस प्रेझेंटेशन होते. जीएनएम (परिचर्या व प्रसूतिविद्येची पदविका), बीएस्सी आणि एमएस्सी नर्सिंग या सर्व अभ्यासक्रमांत हे काम सक्तीचे आहे. विद्यार्थी आपसांत त्याला नुसते ‘केस घेणे’ म्हणतात.

एकच वैद्यकीय निदान असलेल्या शेजारशेजारच्या दोन खाटांवरील रुग्णांचे केअर प्लॅन वेगळे असू शकतात, किंबहुना असायलाच हवेत. डॉक्टर न्यूमोनियाचे निदान करतात. परिचारिका पाहते ती त्या न्यूमोनियाने या माणसाचे काय केले आहे ते. एकाला कफ सुटत नाही, दुसऱ्याला कफ सुटतो पण धाप लागल्याने जेवता येत नाही, तिसरी बाई बाळ घरी ठेवून आली आहे म्हणून रात्रभर जागी आहे. हा फरक पाहायला शिकवणे हेच या लेखनाचे प्रयोजन आहे.

इतिहास

परिचर्या ही विचारपूर्वक, टप्प्याटप्प्याने करण्याची प्रक्रिया आहे, ही कल्पना अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास आकाराला आली. ‘नर्सिंग प्रोसेस’ या संज्ञेचा उगम सामान्यतः लिडिया हॉल यांच्या १९५५ मधील मांडणीत मानला जातो. आयडा जीन ऑर्लँडो यांनी येल विद्यापीठात परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील प्रत्यक्ष संवादांचा अभ्यास केला आणि १९६१ मध्ये तो प्रसिद्ध केला. रुग्णाच्या वागण्याचा अर्थ परिचारिकेने मनाशी न ठरवता त्यालाच विचारून पडताळावा, हा त्यांचा आग्रह आजही केअर प्लॅनचा पाया आहे. १९६७ मध्ये हेलन युरा आणि मेरी वॉल्श यांनी मूल्यांकन, नियोजन, अंमलबजावणी आणि फलनिश्चिती असे चार टप्पे मांडले. १९७३ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या मानकांत निदान हा वेगळा टप्पा आला. त्याच वर्षी सेंट लुइस येथे परिचर्या निदानांचे वर्गीकरण करण्यासाठी पहिली परिषद भरली. तिच्यातूनच १९८२ मध्ये ‘नांदा’ ही संघटना उभी राहिली. २००२ पासून ती नांदा इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाते. तिच्या २०२१ ते २०२३ या काळासाठीच्या यादीत २६७ निदाने आहेत.

भारतात परिचर्या शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद करते. २०२१ च्या सुधारित बीएस्सी अभ्यासक्रमात सत्र पद्धत आली, तरी केस स्टडी आणि केअर प्लॅन कायम राहिले. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांच्या बीएस्सीच्या परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते.

लेखनाची रीत

प्रचलित पद्धतीत आडव्या पानावर रकाने आखलेले असतात : माहिती, निदान, उद्दिष्ट, उपाय, त्यामागचे कारण म्हणजे रॅशनल, अंमलबजावणी आणि फलनिश्चिती. माहिती दोन प्रकारची असते. रुग्ण स्वतः सांगतो ती सब्जेक्टिव्ह. विद्यार्थ्याने पाहिलेली, मोजलेली ती ऑब्जेक्टिव्ह. निदानाच्या वाक्याला तीन अंगे असतात : समस्या, तिचे कारण आणि ती असल्याचा पुरावा. समस्या अजून उद्भवलेली नसून केवळ धोका असेल, तर पुराव्याचे अंग गळते.

हे कसे चालते ते पाहण्यासाठी मराठवाड्यातील सरकारी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात हमखास दिसणारा रुग्ण घेऊ. साठीचा शेतकरी, बारा वर्षांचा मधुमेह, उजव्या तळव्याला जखम. विद्यार्थिनी सब्जेक्टिव्हमध्ये त्याचेच शब्द टिपते : ‘काटा कधी मोडला ते कळलंच नाही, चपल पायातून निसटली तरी ध्यानात येत नाही.’ या एका वाक्यात पायाची संवेदना गेल्याची खूण आहे. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, म्हणजे मोनोफिलामेंट, तळव्याला टेकवून ती त्याची खात्री करून घेते. ऑब्जेक्टिव्हमध्ये जखमेची लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये, स्रावाचा रंग आणि वास, कडांची स्थिती, पावलावरची नाडी, अंगातला ताप, रक्तातील साखर हे सारे येते. ‘जखम मोठी आहे’ असे लिहिलेले चालत नाही, कारण आठ दिवसांनी तिची तुलना कशाशी करणार?

निदान लिहिताना बहुतेक विद्यार्थी ‘मधुमेहामुळे त्वचेची हानी’ असे लिहितात आणि ट्यूटरची लाल रेघ तिथेच ओढली जाते. मधुमेह हे वैद्यकीय निदान आहे; परिचारिका तो बरा करू शकत नाही. ‘संवेदना गेलेल्या तळव्यावर सतत भार आल्यामुळे आणि अनवाणी चालल्यामुळे’ असे कारण लिहिले की पुढचे उपाय आपोआप सुचू लागतात : पायावरचा भार कमी करणे, योग्य पादत्राणे, रोज तळवा आरशात पाहणे. कारणाचा हा रकाना केअर प्लॅनमधला सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. तो चुकला की पुढचे सगळे रकाने पाठांतराचे होतात.

उद्दिष्टही मोजता येईल असे लागते. ‘जखम बरी होईल’ ही इच्छा झाली. ‘सात दिवसांत जखमेचा आकार वाढणार नाही, स्राव कमी होईल आणि तळाशी लालसर नवी ऊती दिसू लागेल’ हे उद्दिष्ट. उपायांपुढे प्रत्येक वेळी कारण लिहायचे असते, आणि रोजच्या कामाला अर्थ येतो तो इथे. रुग्णाची बायको पाय शेकायला गरम पाणी घेऊन येते, तेव्हा तिला नुसते ‘नको’ म्हणणे पुरत नाही. पायाला चटका कळणार नाही आणि दुसरी जखम होईल, हे तिला सांगावे लागते. घरी फ्रीज नसेल तर इन्सुलिन कुठे ठेवणार, हा प्रश्न डिस्चार्जच्या आधी विचारावा लागतो. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे नेहमीच्या तापमानाला टिकते, पण ते तापमान २५ ते ३० अंशांच्या आतले हवे आणि मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. म्हणून ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्याच्या आत, पाणी न लागता बाटली ठेवायला शिकवले जाते. आहाराच्या रकान्यात ‘डायबेटिक डाएट’ हे दोन शब्द लिहून भागत नाही. इन्सुलिन सकाळी सातला घेतले आणि भाकरी शेतावर अकराला पोचली, तर मध्ये घाम सुटून हातपाय थरथरतील. तेव्हा तीन चमचे साखर खायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे त्याच्या दिनक्रमाशी जुळवून सांगायचे असते.

फलनिश्चितीत जखम पुन्हा मोजली जाते आणि रुग्णाला स्वतः इंजेक्शन घेऊन दाखवायला सांगितले जाते. उद्दिष्ट साधले नसेल तर तसे लिहून आराखडा बदलायचा असतो. गुण कापले जातील या भीतीने अनेक विद्यार्थी सरसकट ‘गोल मेट’, म्हणजे उद्दिष्ट साधले, असे लिहितात. प्रामाणिकपणे लिहिलेले अपुरे उद्दिष्ट त्याहून कितीतरी अधिक शिकवून जाते, आणि परीक्षकांनीही त्याला मान द्यायला हवा.

बुक पिक्चर आणि पेशंट पिक्चर

भारतीय नर्सिंग महाविद्यालयांतील केस स्टडीत एक खास तक्ता असतो. डाव्या बाजूला पाठ्यपुस्तकात दिलेली आजाराची कारणे, लक्षणे, तपासण्या आणि उपचार. उजव्या बाजूला यांपैकी आपल्या रुग्णात काय आढळले. डावी बाजू ग्रंथालयात बसून भरते, उजवी खाटेजवळ. पुस्तकात असलेले पण रुग्णात नसलेले लक्षण नोंदवणे जितके महत्त्वाचे, तितकेच रुग्णात असलेले पण पुस्तकात न सापडणारे.

या कामावरचा सर्वांत खरा आक्षेप उतरवून काढण्याचा आहे. वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या फायली फिरतात, इंटरनेटवर तयार केअर प्लॅन मिळतात, सबमिशनच्या आदल्या रात्री पानेच्या पाने नकलून काढली जातात. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. वॉर्डात मनुष्यबळ अपुरे असते तेव्हा त्यांच्याकडून व्हायटल्स (ताप, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी), बेडमेकिंग आणि धावपळीची कामे करून घेतली जातात. रुग्णाजवळ बसून हिस्ट्री घ्यायला वेळ उरत नाही. फाईल किती जाड आहे यावर गुण देणाऱ्या संस्थाही आहेत. एकाच रुग्णावर ट्यूटरसह दहा मिनिटे खाटेशी उभे राहून केलेली चर्चा चाळीस पानांच्या नकलेपेक्षा श्रेष्ठ ठरते.

विषयानुसार भेद

बालरोग विभागात वजन, लसीकरण, वाढीचे टप्पे आणि वजनानुसार औषधाची मात्रा यांवर भर असतो. प्रसूती विभागात प्रसूतिपूर्व, प्रसूतिकालीन आणि प्रसूतिपश्चात अशा वेगळ्या केसेस घ्याव्या लागतात. मानसोपचारात रुग्णाशी झालेला संवाद शब्दशः लिहून त्याचे विश्लेषण करतात. त्याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. सामुदायिक आरोग्यात रुग्णाच्या जागी कुटुंब येते : पाण्याचा स्रोत, शौचालय, चूल, उत्पन्न, गरोदर स्त्री आणि वृद्ध यांची नोंद करून घरभेटींतून आराखडा राबवला जातो.

रुग्णाचे नाव, पत्ता आणि ओळख पटेल असा तपशील केस प्रेझेंटेशनमध्ये उघड करू नये, हा व्यवसायाच्या नीतीचा भाग आहे. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानेच गोपनीयतेचे बंधन घातले आहे.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांसाठी या सरावाला वेगळे महत्त्व आले आहे. अमेरिकेतील परवाना परीक्षा एनक्लेक्स एप्रिल २०२३ पासून नव्या स्वरूपात घेतली जाते. तीत एका रुग्णाची स्थिती टप्प्याटप्प्याने उलगडत जाते आणि तिच्यावर सहा प्रश्न येतात : कोणती खूण महत्त्वाची, तिचा अर्थ काय, आधी कशाकडे पाहायचे, कोणते उपाय शक्य आहेत, काय करायचे आणि परिणाम झाला का. ज्याने केअर प्लॅन खाटेजवळ उभे राहून लिहिले आहेत, त्याला हा क्रम परका वाटत नाही.

नोकरीत रुजू झाल्यावर एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण येतात आणि विद्यार्थिदशेतला सर्व रकान्यांचा आराखडा क्वचितच लिहिला जातो. मोठ्या खासगी रुग्णालयांत त्याची जागा छापील किंवा संगणकीय नमुन्याने घेतली आहे. सरकारी वॉर्डात तो नर्सेस नोट्समधून आणि पाळी बदलताना खाटेपाशी दिल्या जाणाऱ्या हँडओव्हरमधून चालतो : रात्री ताप किती होता, ड्रेसिंग कधी बदलले, इन्सुलिननंतर जेवला की नाही, आणि पुढच्या पाळीने कशावर लक्ष ठेवायचे.