शेततळ्याचं अनुदान पाहिजे असेल तर पोकलेन घाईने बोलवू नका

आमच्या भावकीतल्या एकाने मे महिन्यात शेजारच्या रानात पोकलेन आलंय, तासाचा दर पण कमी लावतोय म्हणून आपलंही शेततळं खोदून घेतलं आणि मग निवांत अर्ज भरला. जागा बघायला साहेब आले तर तळं आधीच तयार, झालं, अनुदान गेलं. म्हणून क्रम नीट समजून घ्या, आधी अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती (म्हणजे काम सुरू करायची परवानगी), आणि त्यानंतरच खोदाई.

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आलं तेव्हा जास्तीत जास्त ५० हजार मिळायचे. २०२२ पासून वैयक्तिक शेततळं मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत घेतलंय आणि मर्यादा ७५ हजार केलीय. पण सरसकट ७५ हजार मिळतात असं धरून चालू नका, पैसे आकारमानावर ठरतात. सगळ्यात लहान १५ बाय १५ बाय ३ मीटर, सगळ्यात मोठं ३४ बाय ३४ बाय ३.

पात्रतेचं म्हणाल तर तुमच्या नावावर निदान ४० गुंठे जमीन पाहिजे, कोकणात २० गुंठे चालते, वरची मर्यादा नाही. आधी कुठल्याही सरकारी योजनेतून शेततळं घेतलेलं नको. आणि जागा तांत्रिकदृष्ट्या बसली पाहिजे, इथेच बरेच जण अडकतात. ओढ्या-नाल्याच्या प्रवाहात तळं धरत नाहीत, आणि नुसत्या मुरमात खोदलं तर पाणी टिकत नाही, मग प्लास्टिक अस्तरीकरण, म्हणजे तळ्यात आतून प्लास्टिकचा कागद अंथरणं आलं, त्याचा अर्ज वेगळा. जागा किती जाते तेही आधी मोजा, ३० बाय ३० ला ९०० चौरस मीटर म्हणजे जवळपास ९ गुंठे जातात, वर बांधाची माती पडते ती वेगळी. पाणी २७ लाख लिटर मावेल असं कुणी सांगितलं तर ते सरळ गुणाकार करतायत, बाजूंना उतार असतो म्हणून खरं २० ते २२ लाखच मावतं. पावसाने ताण दिल्यावर द्यायच्या दोन-तीन पाण्यापुरतं फळबागेला ते पण काही कमी नाही म्हणा.

आता अर्ज. महाडीबीटी या सरकारी योजनांच्या वेबसाइटच्या शेतकरी पोर्टलवर फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) टाकून लॉगिन करायचं, आयडी नसेल तर आधी तो काढा, त्याशिवाय पुढे सरकतच नाही. सिंचन साधने व सुविधा यात वैयक्तिक शेततळे निवडायचं, आकार टाकायचा, फी २३ रुपये ६० पैसे. सेतूवाला त्याचे वेगळे घेतो, पण मोबाईलवरून पण होतं. आधी लॉटरी निघायची, आता आधी येईल त्याचा नंबर आधी लागतो, म्हणून पोर्टल उघडं दिसलं की टाकून द्या.

निवडीचा मेसेज आला की दिलेल्या मुदतीत कागदं अपलोड करायची. चालू सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि हमीपत्र तयार ठेवा, अनुसूचित जाती-जमातीतून अर्ज असेल तर जातीचा दाखला पण. जमीन सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र आधीच घ्या, मेसेज आल्यावर पुण्या-मुंबईतल्या भावाची सही मिळवण्यात आठवडा जातो.

मग पूर्वसंमती येते, कृषी सहायक (आता त्यांचं पदनाम सहाय्यक कृषी अधिकारी झालंय) जागा आखून देतात, तिथेच खोदायचं, सोयीचं म्हणून दहा फूट इकडे-तिकडे सरकवू नका. काम झालं की ते टेप लावून मोजतात, फोटो काढतात, मंजुरीपेक्षा लहान निघालं तर पैसेही तसेच कमी. पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर पडतात, पासबुक ज्या बँकेचं दिलंय त्यातच येतील असं नाही, आमच्या आईचे एका जुन्या, विसरलेल्या खात्यात जाऊन बसले होते आणि आम्ही दोन महिने पोर्टलच बघत होतो. बँकेत जाऊन आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे एवढं अर्ज भरायच्या आधीच विचारून या.