तारू फुटले, माल कोणाचा? की वेस्टच्या रेकरांची पार्श्वभूमी

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या की वेस्ट बेटावर एकोणिसाव्या शतकात ‘रेक अशोर!’, म्हणजे ‘तारू फुटले!’, अशी आरोळी उठली की माणसे हातातले काम टाकून धक्क्याकडे धावत. कुठले तरी जहाज खडकावर चढलेले असे. अशा जहाजावरचा माल वाचवून त्याचा मोबदला मिळवणारे ते ‘रेकर’. त्याच्यापाशी जो सर्वांत आधी पोचेल तो त्या कामाचा म्होरक्या, म्हणजे ‘रेक मास्टर’. मागून आलेल्या किती बोटी कामावर घ्यायच्या हे तो ठरवी. मोबदला पुढे बोटीच्या आकारावर आणि माणसांच्या संख्येवर वाटला जाई. त्यामुळे अर्ध्या तासाच्या आघाडीलाही मोल होते.

हा धंदा इथेच का रुजला, ते नकाशावर दिसते. न्यू ऑर्लिन्सहून कापूस घेऊन निघालेली जहाजे गल्फ स्ट्रीमच्या प्रवाहाला लागून फ्लोरिडाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून अटलांटिकमध्ये जात. बेटांच्या माळेपासून काही मैल बाहेर, पाण्याखाली जेमतेम बुडालेली प्रवाळांची लांबच लांब रांग आहे. रात्री वारा फिरला किंवा हिशेब जरा चुकला की जहाज थेट त्या रांगेवर.

या पाण्यातून माल काढण्याचा इतिहास अमेरिकेहूनही जुना आहे. १६२२ च्या चक्रीवादळात स्पॅनिश ताफ्यातली ‘आतोचा’ आणि ‘सांता मार्गारिता’ ही चांदीने भरलेली जहाजे इथे बुडाली. चार वर्षांनी क्युबातल्या हवानाच्या मेलियान नावाच्या कंत्राटदाराने धातूची मोठी घंटा समुद्रात सोडली. तिच्यात अडकलेल्या हवेवर पाणबुडे श्वास घेत. हे पाणबुडे गुलाम होते. जो पहिल्यांदा जहाज शोधेल त्याला स्वातंत्र्य, असे त्यांना सांगितले होते. हुआन बान्योन ‘सांता मार्गारिता’वरची चांदीची लगड घेऊन वर आला आणि सुटला. या साऱ्या इतिहासात चांदीचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. मला मात्र हे नाव पाठ असावेसे वाटते.

पुढे बहामा बेटांवरचे लोक या खडकांवर येऊन माल काढू लागले आणि तो आपल्या राजधानीला, नासाऊला नेऊ लागले. १८२२ मध्ये की वेस्टवर अमेरिकेचा झेंडा लागला. १८२५ च्या कायद्याने अमेरिकी पाण्यात सापडलेला माल अमेरिकी बंदरातच न्यायचे बंधन आले. मग बहामाची कुटुंबेच उठून की वेस्टला आली. तिथले जुने रहिवासी आजही स्वतःला ‘कॉंक’, म्हणजे शंख म्हणवतात. १८२८ मध्ये बेटावर न्यायालय बसले. त्यामागोमाग गोदामे आली, वकील आले, लिलाव सुरू झाले.

काम सोपे नव्हते. आधी माणसे उतरवायची, आणि त्याबद्दल मोबदला मागायचा नाही. मग जहाज हलके करून खडकावरून ओढून काढायचे. ते फुटले असेल तर पाण्याने भरलेल्या त्याच्या पोटात, अंधारात, नुसत्या श्वासाच्या जोरावर बुडी मारायची. भिजून दगडासारख्या जड झालेल्या कापसाच्या गाठीला आकडा अडकवायचा आणि वर यायचे. पिंपे फुटलेली असली तर काकवी, रंग, सडलेले धान्य असे सगळे त्याच पाण्यात. जहाज वाचले नाही आणि मालही हाती लागला नाही, तर मेहनत फुकट.

खोटे दिवे लावून जहाजे खडकावर चढवल्याच्या गोष्टी रेकरांबद्दल अजून सांगितल्या जातात. मला त्या पटत नाहीत. रात्री दिवा दिसला की खलाशी जमीन आली असे समजून दूर जातो. आमिष म्हणून दिव्याचा उपयोग काय? अफरातफर होई, कप्तानाशी संगनमतही होई. ते रोखण्यासाठीच १८४७ पासून परवाना सक्तीचा झाला. न्यायाधीश विल्यम मार्विन गैरवर्तन करणाऱ्याचा परवाना काढून घेऊ शकत असत. याच विषयावर त्यांनी १८५८ मध्ये कायद्याचा ग्रंथ लिहिला.

माल कोणाचा हा वाद मात्र त्याहून कितीतरी जुना. इंग्लंडच्या १२७५ च्या कायद्यात म्हटले होते की जहाजावरून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत निसटले असेल, तर ते बेवारस धरायचे नाही. वर्षभरात मालकाने हक्क सिद्ध केला तर माल त्याचा, नाही तर राजाचा. आपल्या किनाऱ्यावरही हा प्रश्न आला होता. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन तहासाठी रायगडावर आला. इंग्रजांची किनाऱ्याला लागलेली तारवे परत मिळावीत असे एक कलम त्याने पुढे केले. शिवाजी महाराजांकडून त्याला नकार मिळाला. वादळाने किनाऱ्याला लागलेला माल परत न देणे हा कोकणचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. तुम्हाला सवलत दिली तर फ्रेंच आणि डचही मागतील, असे उत्तर होते.

की वेस्टचा धंदा दिव्यांनी संपवला. समुद्राच्या तळात लोखंडी खांब रोवून प्रवाळांवरच दीपस्तंभ उभे राहू लागले: १८५२ मध्ये कॅरिसफर्ट, पुढच्या वर्षी सँड की, १८५८ मध्ये सोम्ब्रेरो. वाफेची जहाजे वाऱ्याच्या भरवशावर राहिली नाहीत, नकाशे सुधारले. १९२१ मध्ये रेकरांची नोंदवही बंद झाली.

‘आतोचा’ मात्र तळाशीच होती. बुडालेला खजिना शोधणारे मेल फिशर यांनी तिच्यावरच्या हक्कासाठी फ्लोरिडा राज्याशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला लढवला आणि २० जुलै १९८५ रोजी त्यांच्या पाणबुड्यांना चांदीचा मुख्य ढीग सापडला. तीन वर्षांत अमेरिकेने नवा कायदा लागू केला. राज्याच्या हद्दीत तळाशी रुतून बसलेले सोडून दिलेले जहाज आता त्या राज्याचे; शोधणाऱ्याला मोबदला किंवा मालकी देणारा जुना सागरी कायदा त्याला लागू होत नाही.