संघ कुणाचा? फुट्सक्रेच्या पाठीराख्यांची पार्श्वभूमी

मेलबर्नला नव्याने राहायला गेलेल्या माणसाला फार दिवस जायच्या आत एक प्रश्न येतो: तू कुणाचा? म्हणजे कुठल्या फुटी संघाचा; फुटी हे तिथल्या फुटबॉलचं लाडकं नाव. ‘कुणाचाच नाही’ म्हटलं तर समोरचा ते खरं मानत नाही, उलट आपल्या संघात ओढायला बघतो. शहराच्या पश्चिमेला, जिथे आता भारतीय कुटुंबांचीही मोठी वस्ती आहे, या प्रश्नाचं हमखास ऐकू येणारं एक उत्तर म्हणजे ‘डॉग्ज’. वेस्टर्न बुलडॉग्ज, जुनं नाव फुट्सक्रे. हे जुनं नाव का गेलं आणि संघ मात्र कसा राहिला, हे कळल्याशिवाय त्याच्या पाठीराख्यांचा चिवटपणा कळत नाही.

आधी खेळ. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये चेंडूही लंबगोल आणि मैदानही. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला तर ६ गुण, कडेच्या खांबांमधून गेला तर १. या एका गुणाला ‘बिहाइंड’ म्हणतात. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं आखडू नयेत म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून फुटबॉल क्लब काढायची कल्पना मांडली. पुढच्या वर्षी नियम कागदावर उतरले. आजही हा खेळ मोठ्या क्रिकेट मैदानांवर चालतो. डिसेंबर २०२० मध्ये अजिंक्य रहाणेने ११२ धावा काढल्या, ते एमसीजी म्हणजे फुटीचं पंढरपूर.

१८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली. तिचे संघ बहुतेक उपनगरांचे होते: कॉलिंगवुड, फिट्झरॉय, साउथ मेलबर्न. मूल ज्या गल्लीत जन्मलं त्या गल्लीचा संघ त्याचा, आडनावासारखा. फुट्सक्रे हे मॅरिबर्नाँग नदीपलीकडचं कामगारांचं गाव. दगडाच्या खाणी, कातड्याचे कारखाने, कत्तलखाने. शहरातले लोक नाक मुरडत. १९२४ मध्ये दुय्यम स्पर्धा जिंकलेल्या फुट्सक्रेने अपंग सैनिकांच्या मदतीसाठी भरवलेल्या सामन्यात लीगचा विजेता एसेंडन याला हरवलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांना लीगची दारं उघडली.

अजिंक्यपदासाठी मात्र १९५४ उजाडावं लागलं. चार्ली सटन हा खेळाडूही आणि प्रशिक्षकही. अंतिम सामन्यात मेलबर्नला ५१ गुणांनी हरवलं, जॅक कॉलिन्सने ७ गोल केले. त्या संघातल्या पोरसवदा टेड व्हिटनचं नाव पुढे मैदानालाच दिलं गेलं. आता दर चार-पाच वर्षांनी चषक येणार असं तेव्हा कुणाला वाटलं असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. १९६१ मध्ये अंतिम सामना हरले, आणि मग पंचावन्न वर्षं अंतिम सामन्याचं तोंडही दिसलं नाही.

संघ नुसता हरत राहिला असता तर लोकांनी ते सोसलं असतं; फुटीत हरणं हा निम्मा संसार असतो. पण १९८० च्या दशकात लीगला देशभर पसरायचं होतं, आणि एकाच शहरात इतके गरीब संघ ही तिला अडचण वाटू लागली. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न उचलून सिडनीला नेला. १९८९ च्या ऑक्टोबरात फुट्सक्रेची पाळी आली. क्लब कर्जात बुडाला आहे, तो फिट्झरॉयमध्ये विलीन होणार आणि नव्या संघाचं नाव ‘फिट्झरॉय बुलडॉग्ज’ असेल, असं जाहीर झालं. सभासदांना विचारलंही नव्हतं.

त्यानंतरचे तीन आठवडे ही या इतिहासातली माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, चषकांपेक्षाही मोठी. एक साधी सभासद बाई वादी म्हणून कोर्टात उभी राहिली. पीटर गॉर्डन या तरुण वकिलाने लढ्याचं पुढारपण घेतलं. कोर्टाने मुदत दिली, पण पैसे उभे करायचे होते: सुमारे १५ लाख डॉलर. रविवारी वेस्टर्न ओव्हलवर, म्हणजे क्लबच्या मैदानावर, हजारोंची सभा भरली. मग दारोदार वर्गणी, हातात खुळखुळणारे डबे. निवृत्तिवेतनावरची माणसं नोटा आणून देत होती. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागणाऱ्यांना हा नजारा ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की इथे विसर्जन टाळायचं होतं. पैसे जमले, विलीनीकरण रद्द झालं, गॉर्डन अध्यक्ष झाले.

फिट्झरॉय मात्र वाचला नाही. १९९६ मध्ये त्याचा शेवटचा सामना झाला आणि तो ब्रिस्बेनच्या संघात विरघळला. त्याच सुमारास फुट्सक्रेने आपलं नाव बदलून वेस्टर्न बुलडॉग्ज केलं, म्हणजे एका उपनगराऐवजी सगळा पश्चिम भाग आपला म्हणवेल. १९९७ नंतर लीगचे सामनेही जुन्या मैदानावर होईनासे झाले. कित्येक जुनी मंडळी अजून ‘फुट्सक्रे’च म्हणतात, आणि कुणी सुधारलं तर ऐकत नाहीत.

त्याच १९९७ ची उपांत्य फेरी. अॅडलेडविरुद्ध शेवटच्या सत्रात आघाडी हातात होती. टोनी लिबरटोरेने चेंडू मारला आणि गोल झाला म्हणून हात उंचावून धावत सुटला. गोलपंचांनी एकच झेंडा हलवला: बिहाइंड. सामना २ गुणांनी गेला. पुढे १९९८, २००८, २००९, २०१०, प्रत्येक वेळी उपांत्य फेरीतच गाडी अडली.

या सगळ्या काळात सामन्याआधीच्या दिवसांत चाहते एकत्र बसून क्रेप कागद आणि चिकटपट्टीने भलामोठा फलक तयार करत राहिले. घरादारापेक्षा उंच. सामन्याच्या दिवशी तो दोरांनी उभा करायचा, खेळाडू धावत येतात आणि फाडून आरपार जातात. कित्येक तासांचं काम, पाच-सहा सेकंदांत चिंध्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा नवा.

२०१६ मध्ये संघ सातव्या क्रमांकावर होता. सातव्या क्रमांकावरून तोवर कुणीही अजिंक्य झालं नव्हतं. त्यांनी पर्थमध्ये सामना जिंकला, मग गतविजेत्या हॉथॉर्नला हरवलं, मग सिडनीत जाऊन तिथल्या दुसऱ्या एका संघाविरुद्ध ६ गुणांनी उपांत्य फेरी काढली. १ ऑक्टोबरला एमसीजीवर ९९,९८१ प्रेक्षक होते आणि समोर होता सिडनी स्वान्स, म्हणजे १९८२ मध्ये उचलून नेलेला तोच साउथ मेलबर्न. ८९ विरुद्ध ६७. बासष्ट वर्षांनी चषक. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने मंचावर आपलं पदक गळ्यातून काढलं आणि गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभर बाहेर बसलेला कर्णधार बॉब मर्फी याला वर बोलावून त्याच्या गळ्यात घातलं. दोन वर्षांनी महिला संघानेही आपला चषक आणला.

२०२१ मध्ये डॉग्ज पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले. प्रतिस्पर्धी मेलबर्न, १९५४ मध्ये हरवलेला तोच. करोनामुळे सामना पर्थला झाला आणि मेलबर्नने ७४ गुणांनी धुऊन काढलं. १९६४ पासून चषकाची वाट पाहणाऱ्या त्यांच्या बहुतेक पाठीराख्यांनी तो क्षण टाळेबंदीत, घरच्या टीव्हीसमोर बसून पाहिला. सत्तावन्न वर्षं थांबणं म्हणजे काय, हे शहरात सर्वात चांगलं ज्यांना ठाऊक होतं, ते त्या रात्री हरलेल्या बाजूला होते.