आधी तळहात, मग बोटं

तपासातले ‘ठसे’ म्हटलं की बोटांचेच ठसे डोळ्यांसमोर येतात. पण ठशांच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात जिथून सांगितली जाते, तो ठसा अख्ख्या हाताचा होता आणि तो बंगालमध्ये उमटला.

जुलै १८५८. उठावाला जेमतेम वर्ष झालेलं. जंगीपूरला विल्यम हर्शेल या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई यांच्याशी रस्त्यासाठी लागणाऱ्या मालाचा करार केला. उद्या हा माणूस सही नाकारेल, अशी त्याला धास्ती. म्हणून कचेरीच्या शिक्क्याची तेलकट शाई त्याने कोनाईंच्या तळहाताला आणि बोटांना फासली आणि पंजा कराराच्या पाठीवर दाबला. मग स्वतःच्या हाताचाही ठसा घेऊन दोघांनी ते ताडून पाहिले. हेतू फक्त धाक घालण्याचा होता, असं हर्शेलनेच पुढे लिहून ठेवलंय. या इतिहासात कोनाईंचं नाव त्याच्या बरोबरीने घ्यायला हवं.

पुढे तळहात मागे पडला. १८९७मध्ये कलकत्त्यात ठशांचं केंद्र उभं राहिलं. बंगाल पोलिसांतल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवलेल्या आणि त्यांचा वरिष्ठ एडवर्ड हेन्री याच्या नावाने गाजलेल्या पद्धतीत दहा बोटांवरून १०२४ गट पडत, त्यामुळे हजारो कागदांतून नेमका कागद सापडे. तळहातासाठी इतकी सोपी वर्गवारी कुणाला जमली नाही. खरं तर ज्योतिषी पाहतो त्या ठळक रेषांच्या मधल्या जागेतही बोटांसारखेच बारीक उंचवटे असतात. ते गर्भातच घडतात आणि जन्मभर टिकतात. लिहिताना कागदावर टेकते ती तळहाताची कडही पुरेसा ठसा सोडून जाते.

कोर्टाने मात्र तळहात लवकर मानला. डिसेंबर १९१६मध्ये अमेरिकेत नेवाडातल्या जार्बिजजवळ टपालगाडी लुटून गाडीवानाला ठार मारलं गेलं. एका पाकिटावर रक्ताळलेला तळहात उमटला होता. तो आरोपी बेन कूलच्या हाताशी जुळला आणि १९१८मध्ये तिथल्या वरच्या न्यायालयानेही तो पुरावा ग्राह्य धरला. १९४२मध्ये लंडनच्या शोरडिचमध्ये एका सावकाराचा खून झाला, तेव्हा तिजोरीच्या आतल्या बाजूला तळहाताचा ठसा मिळाला. पण संशयित आधी दुसऱ्या माहितीवरून हाती लागले, ठसा नंतर जुळला. खरी अडचण हीच होती: माणूस समोर असेल तरच तळहात उपयोगी. मोठ्या साठ्यातून तो शोधणं संगणक आल्यावरच शक्य झालं.

आपल्याकडे कैद्यांची ओळख नोंदवण्याच्या १९२०च्या कायद्यात बोटांचे आणि पायांचे ठसे नावानिशी होते, तळहात नव्हता. १९६१मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठापुढे प्रश्न आला, की आरोपीकडून ठसे घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं का? न्यायालयाने नाही म्हटलं, आणि तिथे तळहाताचा स्पष्ट उल्लेख केला. कायद्याच्या मजकुरात तो यायला मात्र २०२२ उजाडलं. महाराष्ट्र पोलिसांच्या ‘अँबिस’ या ओळख पटवणाऱ्या संगणक प्रणालीतही आता बोटं, चेहरा आणि बुबुळांसोबत तळहात घेतला जातो.

नव्या कायद्याने या नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास, त्याची नोंद नष्ट करायची आहे. ते काम त्या माणसाला खेटे घालायला न लावता आपोआप व्हायला हवं. पंजा घेताना त्याच्या अर्जाची वाट कुणी पाहिलेली नसते.