नकाशातली ती पांढरी फट

समुद्राच्या तापमानाचा नकाशा पहिल्यांदा काढला तेव्हा गिनीच्या आखातापासून थेट अंटार्क्टिकापर्यंत, बरोबर शून्य रेखांशावर, एक उभी पांढरी फट दिसली. मला वाटलं तिथला डेटाच गायब आहे, सॅटेलाइट तेवढ्या भागावरून गेलाच नसेल वगैरे. तसलं काही नव्हतं.

नोआचा, म्हणजे अमेरिकेच्या हवामान-समुद्र संस्थेचा, ईआरएसएसटी नावाचा समुद्राच्या तापमानाचा डेटा घ्या. त्यात दर 2 अंशांवर एक आकडा असतो, म्हणजे रेखांश 0, 2, 4 करत 358 पर्यंत, एकूण 180 कॉलम. कॉन्टूर, म्हणजे सारख्या तापमानाचे रंगीत पट्टे, काढणारा प्रोग्रॅम शेजारशेजारच्या दोन कॉलममधली जागा रंगवत जातो, 356 ते 358 रंगवली की संपलं त्याचं काम, 358 च्या पुढे परत शून्यच येतं हे त्याला कोण सांगणार? विषुववृत्तावर ही फट जवळपास 222 किलोमीटर रुंद होते, चांगलीच डोळ्यात भरते. उपाय सोपाय, पहिला कॉलम कॉपी करून शेवटी परत चिकटवायचा, फक्त त्याचा रेखांश 360 लिहायचा, 0 नाही! कार्टोपायमध्ये (पायथॉनमधली नकाशे काढायची लायब्ररी) 'ॲड सायक्लिक पॉइंट' हे फंक्शन नेमकं हेच करतं.

खरी गंमत (म्हणजे डोकेदुखी) पॅसिफिकमध्ये आहे. एल निनोवर नजर ठेवायला जो निनो 3.4 पट्टा बघतात तो 170 पश्चिम ते 120 पश्चिम. डेटा 0 ते 360 चा असेल आणि तुम्ही (पश्चिमेला वजा धरून) -170 ते -120 मागितलं तर हाती काहीच येत नाही, कारण तिथे त्याच जागेचं नाव 190 ते 240 आहे. निनो 4 तर 160 पूर्व ते 150 पश्चिम, म्हणजे 180 ची रेषा ओलांडतो. आता 160 पेक्षा मोठा आणि -150 पेक्षा लहान असा आकडा आणायचा कुठून? 0 ते 360 मध्ये तोच पट्टा निवांत 160 ते 210 होतो.

0 ते 360 चं -180 ते 180 करायचं सूत्र असं: रेखांशात 180 मिळवा, 360 ने भागून बाकी घ्या, मग 180 वजा करा. 190 चे -170 होतात. पण नुसते आकडे बदलून भागत नाही, ते चढत्या क्रमाने लावायचे आणि तापमानाचे कॉलमही त्यांच्यासोबत हलवायचे. हे राहिलं की रेखांश 178 वरून एकदम -180 वर उडी मारतो आणि प्रोग्रॅम ती उडीसुद्धा इमानदारीत रंगवतो, अख्ख्या नकाशावर आडवे पट्टे.

मग ही शिवण, म्हणजे नकाशा कापला जातो ती रेषा, जमिनीवर ढकलून लपवता येईल का? नाही येत. 60 दक्षिणेच्या आसपास पृथ्वीभोवती सगळीकडे पाणीच आहे, अंटार्क्टिक प्रवाह तिथेच अखंड गोल फिरतो, त्यामुळे कुठेही कापलं तरी पाणीच कापलं जातं. पॅसिफिक बघायचा असेल तर मी नकाशा 180 वर मध्ये ठेवतो, काप आपोआप शून्यावर जातो. ध्रुवावरून बघितलेल्या गोल नकाशात मात्र तीच फट घड्याळाच्या काट्यासारखी मधून बाहेर जाताना दिसते, तिथे कॉलम चिकटवण्याला पर्याय नाही.