घराचे खरेदीखत नाही? पोर्तो रिकोतील वादळग्रस्तांनी फेमाकडे अर्ज कसा करावा

मे 2017 मध्ये पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातील कॅरिबियन बेटाच्या सरकारने कर्जफेड जमत नसल्याचे न्यायालयात मांडले. रोख्यांचेच देणे 70 अब्ज डॉलरच्या वर होते. 20 सप्टेंबरला मारिया चक्रीवादळ आले आणि मदतीच्या पैशावर कडक पहारा बसला. तो हवाच होता. वीज दुरुस्तीचे व्हाइटफिश कंपनीला दिलेले 30 कोटी डॉलरचे कंत्राट महिनाभरात रद्द करावे लागले, ते लोकांनी जाब विचारल्यामुळेच. पण त्याच काटेकोरपणाचा फटका घर गमावलेल्यांनाही बसला.

म्हणून आधी हे लक्षात घ्या: फेमाची (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेची) वैयक्तिक मदत थेट कुटुंबाला मिळते. सरकारच्या कर्जापोटी ती अडत नाही.

कुटुंबातील एक जण अमेरिकेचा नागरिक किंवा पात्र स्थलांतरित असला तरी चालते, अगदी लहान मूलही. पोर्तो रिकोत जन्मलेले नागरिकच असतात. सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक), नुकसान झालेल्या घराचा पत्ता, उत्पन्न, बँक खाते आणि विम्याची माहिती तयार ठेवा. विम्यातून भरपाई झालेल्या नुकसानीचे पैसे पुन्हा मिळत नाहीत. आपत्ती जाहीर झाल्यापासून साधारण 60 दिवसांत ऑनलाइन, फोनवर किंवा मदत केंद्रात अर्ज करावा.

खरी अडचण मालकीची. आजोबांनी बांधलेल्या घरात नातवंडे राहतात, खरेदीखत कोणाच्याच नावावर नाही, अशी घरे तिथे खूप. सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. मारियानंतर याच कारणाने हजारो अर्ज नामंजूर झाले. वास्तविक तिथल्या कायद्यात मालक ठरायला नोंदणीची सक्ती नाही. 2018 मध्ये वकिलांच्या संघटनांनी झगडून साध्या प्रतिज्ञापत्राचा नमुना मान्य करून घेतला, पण फेमाने त्याचा पुरेसा प्रसार केला नाही. 2021 मध्ये नियम सैल झाले. आता कर भरल्याची पावती, गहाणखत, मोठ्या दुरुस्तीच्या पावत्या चालतात. वारसाने आलेल्या घरासाठी यातले काहीच नसेल, तर स्वतःचे लेखी निवेदन देता येते. त्यात घराचा पत्ता, किती काळ राहता आणि कागद का नाहीत, हे स्पष्ट लिहा.

नकाराचे पत्र आले तर ते नीट वाचा. पुष्कळदा एखादाच कागद कमी असतो. पत्राच्या तारखेपासून 60 दिवसांत अपील करा, प्रत्येक पानावर अर्ज क्रमांक लिहा. पैसे मिळाल्यावर ते ज्या कामासाठी आले त्यावरच खर्चा आणि पावत्या तीन वर्षे जपून ठेवा.